तासगावचे बेदाणे आणि आमचा मोत्या

आमच्या कुत्र्याला दोन नावं आहेत. मुलांनी ठेवलेलं टॉफी आणि सासूबाईंनी ठेवलेलं मोत्या. "टॉफी काय कुत्र्याचं नाव असतंय व्हय? ते खायचं असतंय," असं म्हणत आईंनी रेडिंगच्या आमच्या घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचं नवं बारसं केलं. तोही लबाड. ज्या नावाने खाऊ मिळेल त्या नावाला ओ देतो.

आई तासगावच्या. गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, त्या दिवाळी इथे करायची असं ठरवूनच. बॅगेत कपडे कमी आणि पिशव्या जास्त. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, चिंच आणि दोन किलो बेदाणे. तासगावच्या माणसाने बेदाणे न घेता कुणाच्या घरी जायचं म्हणजे जवळजवळ रिकाम्या हाताने जायचं. "इथं दुकानात मिळतात हो," असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने डबा पुढे केला.

तासगावच्या घरी कुत्रा पाळलेला कधीच नव्हता, पण दारात आलेल्या कुत्र्याला पोळी घातल्याशिवाय आईंचं जेवण होत नाही. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. कुत्रा पोळी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आईंचा जीव त्याच जातीचा. समोर मुकं जनावर बघत बसलंय आणि आपण एकट्याने खायचं, हे त्यांना पाप वाटतं. टॉफीला दोन वेळा मोजून मिळणारं ते कोरडं खाणं बघून पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "ह्याला जेवण म्हणतेस? हे तर कोंबडीचं खाद्य."

मी हसले आणि विषय सोडून दिला. माझी चूक तिथे झाली.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. घड्याळं नुकतीच मागे गेलेली, त्यामुळे शाळेतून मुलांना घेऊन येईपर्यंत अंधारून आलं होतं. आई तीन दिवस टप्प्याटप्प्याने फराळ करत होत्या. त्या दिवशी रव्याच्या लाडवांचा दुसरा घाणा होता. लेक दप्तर टाकून स्वयंपाकघरात गेली आणि तिची किंचाळी ऐकू आली, "आई! रेझिन्स! टॉफीने रेझिन्स खाल्ले!"

मी धावत गेले. टॉफी जमीन चाटत होता, आई परातीपाशी बसल्या होत्या आणि लेक रडत फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवत होती. तो कागद तिने पिल्लाच्या ट्रेनिंग क्लासमधून आणला होता. कुत्र्याला काय देऊ नये याची यादी, रंगीत चित्रांसह. दीड वर्ष तो तिथेच होता.

द्राक्षं आणि वाळवलेली द्राक्षं, म्हणजे बेदाणे, मनुके, सुलताना, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, पण कुणाला होईल आणि किती खाल्ल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही धरायचंच नाही. पहिल्या दिवसात उलट्या, मरगळ. मूत्रपिंडांवरचा परिणाम एक ते तीन दिवसांत कळतो. तोवर वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

हे मला माहीत होतं. म्हणूनच माझा आवाज चढला. "आई, असं कसं दिलंत तुम्ही त्याला?"

आई म्हणाल्या, "अगं, एकच दिला बघ. बारीकसा."

मी दवाखान्यात फोन लावला. तिकडून चार प्रश्न आले. कुत्र्याचं वजन किती? काय खाल्लं? किती खाल्लं? केव्हा खाल्लं? वजन साधारण १२ किलो. बाकी उत्तरं माझ्यापाशी नव्हती, ती आईंपाशी होती. आणि आई गप्प बसल्या होत्या.

मी दहा वर्षं शाळेत शिकवलं आहे. वर्गात काच फुटली आणि बाईंनी दारातूनच "कुणी फोडली?" असं ओरडून विचारलं, की पन्नास मुलं कशी गप्प होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याच स्वयंपाकघरात मी तशी बाई झाले होते. मी फोन कानाला धरूनच खाली बसले आणि म्हटलं, "आई, तुमचं काही चुकलं नाही. पण डॉक्टरांना नेमकं सांगावं लागेल. आज एकच दिलात ना? काल?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "परवापासून रोज एक देत होते. आणि निवडताना खाली पडलेले बेदाणे त्यानेच खाल्ले."

एका लाडवात पाच-सहा बेदाणे. तीन दिवस. वर सांडलेले वेगळे. फोनवरच्या मुलीने ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, लगेच घेऊन या.

तेवढ्यात आई उठून मिठाचा डबा घेऊन आल्या. "मिठाचं पाणी पाजू या, उलटी होईल." आपल्याकडे विषबाधेवर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. मी फोनवर विचारलं. उत्तर आलं, अजिबात नको. जास्त मिठाने कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. घरी उलटी काढायचीच नाही. दवाखान्यात त्यासाठी इंजेक्शन असतं.

ते इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच टॉफीने सगळं बाहेर काढलं. त्या दिवशीचे फुगलेले बेदाणे मी ओळखले. पण आदल्या दोन दिवसांचे पोटातून पुढे गेले होते. म्हणून त्याला दोन दिवस सलाइनवर ठेवायचं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं ठरलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तीन दिवसांचं सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर उलटी झाली म्हणून मी कदाचित आजच घरी सोडलं असतं."

हे वाक्य मी घरी येऊन आईंना जसंच्या तसं मराठीत सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

लक्ष्मीपूजन टॉफीविना झालं. मुलं फराळाला हात लावेनात. आईंनी लाडवांचा डबा उचलून वरच्या कपाटात ठेवला आणि रात्री मला म्हणाल्या, "मला तो कागद वाचायला येत नव्हता गं."

मी फ्रिजपाशी जाऊन तो कागद पहिल्यांदाच आईंच्या डोळ्यांनी पाहिला. आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं लावून वाचतात. जांभळ्या द्राक्षांच्या घडाचं चित्र त्यांना कळलं होतं, आणि द्राक्ष त्यांनी टॉफीला कधीच दिलं नव्हतं. त्याखालच्या 'रेझिन' या शब्दाशी त्यांचा संबंध नव्हता. आपल्या भाषेत द्राक्ष वेगळं, बेदाणा वेगळा. मी एम.ए. मराठी, पेशाने शिक्षिका. मुलांना शिकवलं, नवऱ्याला बजावलं, शेजारणीला सांगितलं. दिवसभर कुत्र्याबरोबर घरात असणाऱ्या एकाच माणसाला सांगायचं राहिलं.

पाडव्याला टॉफी घरी आला. मूत्रपिंडांचे आकडे ठीक होते, पुढच्या तपासणीतही ठीकच निघाले. पायावर सलाइनसाठी भादरलेला चौकोन होता. आईंनी त्यालाच ओवाळलं.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही दोघी कार्डशीट घेऊन बसलो. मजकूर मी सांगायचा, अक्षर आईंचं. आणि यादी आपल्या स्वयंपाकघराची. इंग्रजी कागदावर आपलं निम्मं घर नसतंच.

द्राक्षं, बेदाणे, मनुके: एकही नाही. लाडू, शिरा, खीर, केक, सगळ्यांतले धरून. चिंच: नाही. हे आईंना पटेना, पण त्याला कारण आहे. द्राक्षांत नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आमटी-भातही बंद. कांदा, लसूण: कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, मसाल्यातला, कुठलाच नाही. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. चॉकलेट: नाही, काळं तर मुळीच नाही. बिनसाखरेचं च्युइंगगम आणि काही पीनट बटर: त्यात झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर एकदम उतरते. मटणाची शिजवलेली हाडं, मक्याची बुरकुंडी, आंब्याची कोय: आतडं अडतं. आणि आईंच्या बीपीच्या गोळ्यांची डबी, नवऱ्याची डोकेदुखीची गोळी: पर्समध्ये नाही, उंच कपाटात.

दिवाळीची वेगळी ओळ लिहिली. पणत्या शेपटीच्या उंचीवर नकोत. दिव्यांच्या माळेची वायर जमिनीवर लोळायला नको. बॅटरीच्या पणत्यांमधले बटण-सेल तर फारच वाईट. गिळले, नुसते चावले तरी तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते. शिवाय इथे दिवाळीच्या रात्री कायद्याने एक वाजेपर्यंत फटाके उडवता येतात आणि मागोमाग ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट येते. म्हणून अंधार पडण्याआधीच फिरवून आणायचं, पडदे ओढायचे, टीव्ही लावायचा, आणि सोफ्यामागे लपला तर लपू द्यायचं.

नंतर जानेवारीत मी कुत्र्यांच्या प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग केला. घरी येऊन आईंना सांगितलं तेव्हा लक्षात आलं की आपले बरेच घरगुती उपाय आधी विसरावे लागतात. भाजलं तर हळद नाही, तूप नाही, बर्फही नाही. नळाचं गार पाणी दहा मिनिटं तरी, मग दवाखाना. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. झटका आला तर तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही आणि कांदा तर नाहीच. आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, दिवा मंद करायचा, किती मिनिटं चाललं ते घड्याळात बघायचं. दुखत असेल तर आपला कुत्राही आपल्याला चावतो. मऊ ओढणीने तोंड सैलसर बांधता येतं, पण उलटी होत असेल किंवा श्वास नीट नसेल तर बांधायचं नाही. हाक मारून उठत नसेल आणि श्वासच थांबला असेल, तर तीसदा छाती दाबायची, मग तोंड मिटून नाकातून दोन फुंकरी. दाबण्याची गती मिनिटाला १०० ते १२०. फोन दुसऱ्या कुणीतरी करायचा.

फोनचं एवढंच लक्षात ठेवा. आपला दवाखाना बंद असला तरी फोन लावा. इथल्या पशुवैद्यकांना चोवीस तास तातडीच्या प्रथमोपचारांची सोय करणं बंधनकारक आहे, त्यामुळे कुठे जायचं ते कळतं. विषबाधेची शंका असेल तर ॲनिमल पॉयझनलाइन रात्रंदिवस चालू असते: ०१२०२ ५०९०००. शुल्क घेतात, पण धावाधाव करायची की घरीच लक्ष ठेवायचं, हे सांगतात.

यंदा आई तासगावला आहेत. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे, इंग्रजी कागदाच्या शेजारी. यादी पूर्ण झाल्यावर मी पेन मिटत होते, तेव्हा आईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि सगळ्यांत वर, उरलेल्या जागेत, एक ओळ स्वतःच्या मनाने लिहिली: "कुणी काही दिलं असेल तर लगेच सांगा. कुणी रागावणार नाही."

तुमच्याकडे कुत्रा असेल आणि गावाकडून आई-बाबा येणार असतील, तर ते यायच्या आधी असा एक कागद लावून ठेवा. त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत. आणि त्यांना द्यायला काहीतरी ठेवा, नुसतं 'नाही नाही' नको. आमच्याकडे गाजराचे तुकडे आणि मीठ न घातलेली, कोरडी पोळी चालते. काल व्हिडिओ कॉलवर आईंनी पहिला प्रश्न विचारला तो नातवंडांबद्दल नव्हता. "मोत्याला पोळी घातलीस का?"

घातली होती. तुपाशिवाय.