गाडी पाण्यात घालण्याआधी

आषाढ लागला की आमच्या गगनबावडा तालुक्यात पावसाचे कौतुक संपते आणि हिशेब सुरू होतो. वर्षाला ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा हा मुलूख. याच कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेला शिरोळकडे गेलात तर तिथे जेमतेम दहावा हिस्सा पडतो. इकडे कुंभी फुगली की कोल्हापूरच्या रस्त्यावर मांडुकली, खोकुर्ले, किरवे अशा ठिकाणी पाणी चढते. खाली कोकणात उतरावे म्हटले तर करूळ आणि भुईबावडा हे दोनच घाट, आणि त्या दिवसांत तिथे दरडीची धास्ती. घराची पुढची-मागची दोन्ही दारे एकदम लागावीत, तशी आमची गत होते.

अशा मुलखात ज्याच्या अंगणात पुढच्या-मागच्या चारही चाकांना ओढ असलेली जीप आहे, त्याला गावात मान असतो आणि डोक्याला तापही असतो. डेअरीचे दूध, दुकानातला माल, आजारी माणूस, अडलेली बाळंतीण, सगळ्यांची नजर त्या गाडीकडे. “भावजी, पुढल्या चाकालाबी वढ हाय न्हवं? मग पाण्याला कशापायी भ्यायचं?” असे आमच्या वहिनींनी मला एकदा सरळच विचारले. प्रश्न रास्त आहे. तुमच्याही घरात तो विचारला जात असेल, म्हणून हे लिहायला घेतले.

आधी गाडीचे पाहू. पाण्यात गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे. डिझेल इंजिन हवा आत ओढते आणि तिला दाबून सुमारे विसाव्या हिश्शाएवढी करते. त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. आता हवेबरोबर तांब्याभर पाणी आत गेले तर काय होईल? हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, त्याला पाणी आडवे येते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, प्रसंगी मोडून इंजिनच्या कुशीतून बाहेर येतो. एका घोटापायी सगळे इंजिन खोलावे लागते आणि एका हंगामाचे भाताचे पैसे गॅरेजात जातात. म्हणून पहिले काम हे, की आपली गाडी हवा कुठून घेते ते बॉनेट उघडून बघा. कित्येक गाड्यांत ते तोंड दिव्याच्या मागे, चांगलेच खाली असते. ते टपापर्यंत उंच नेणारी नळी बसवून मिळते. शहरातले हौशी लोक तिला स्नॉर्कल म्हणतात. कल्पना जुनी आहे. ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर फौजा उतरल्या, तेव्हा समुद्राच्या पाण्यातून काढायच्या जीपगाड्यांना हवेच्या आणि धुराच्या नळ्या अशाच वर काढल्या होत्या.

नळी बसवली म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नका. आमच्या मिस्त्रींची एक परीक्षा आहे, ती घरीही करता येते. गाडी चालू करून थंड चालीवर ठेवायची आणि नळीच्या वरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. तसेच चालत राहिले तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेते आहे, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जाते. मग सांधे शोधा, रबर बदला, क्लिपा आवळा.

दुसरा श्वास फार लोकांच्या ध्यानात येत नाही. पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियलचा गोल डबा असतो, त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो. गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळून आली की हा डबा तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. त्या दिवशी काहीच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मागून घरघर ऐकू येते आणि दात खाऊन बसलेले असतात. यावर उपाय अगदी स्वस्तातला आहे. ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायची, गिअर बॉक्सच्या ब्रीदरचेही तसेच करायचे. आणि पाण्यापाशी आल्यावर लगेच आत न घुसता पाच-दहा मिनिटे थांबायचे. तेवढ्यात डबाही निवतो, आणि माणसाचे डोकेही.

जुन्या जीपचा पंखा थेट पट्ट्यावर फिरतो. तो पाण्यात फिरला तर पाणी सगळ्या इंजिनवर उडवतो, कधी पाते वाकून रेडिएटरला लागते. तेवढ्या दोन-चार मिनिटांपुरता पट्टा सैल करणारे लोक आहेत, पण पलीकडे गेल्याबरोबर तो आठवणीने चढवावा लागतो, कारण रेडिएटरचे पाणी फिरवणारा पंपही त्यावरच चालतो. मला समोरून ताडपत्री बांधणे अधिक सोपे वाटते. पेट्रोलची जुनी गाडी असेल तर डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी कोरड्या ठेवायचे आणखी एक दुखणे. नव्या गाड्यांत जागोजागी वायरिंगचे जाळे आणि संगणकाचे डबे, तेव्हा त्यांत घरची कारागिरी करू नये, कंपनीच्या पुस्तकात किती खोल पाणी सांगितले आहे ते वाचावे. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितले आहे, म्हणजे दोन फुटांच्या किंचित वर. टायरवर खडूने तेवढी खूण करून पाहा, जाहिरातीतली उडणारी पाण्याची कारंजी डोळ्यांपुढून जातील.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. एवढे सगळे केले तरी इंजिनचा जीव राहतो, इतकेच. चाके जमिनीला टेकून राहतील की नाही, ते वेगळे गणित आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. जीपचा तळ साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. बंद दारांची गाडी असेल आणि तळाच्या वर फूटभर पाणी चढले, तर ती गाडी दीड टनाहून जास्त पाणी बाजूला सारते. पाणीही तेवढ्याच बळाने गाडीला वर उचलते. गाडीचे वजनही जवळपास तेवढेच. मग चार चाकांना ओढ असली काय अन् नसली काय, धरायला जमीनच राहत नाही. उघड्या जीपमध्ये पाणी आत शिरते म्हणून ती लवकर तरंगत नाही, पण वाहत्या पाण्याचा रेटा तिलाही चुकत नाही. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. ट्रॅक्टरवाल्यांना वाटते आपला धूर वर आहे, आपल्याला काय. पण त्याची मोठी चाके हवेने भरलेली असतात, आणि मागची रिकामी ट्रॉली तरंगून आडवी झाली तर ट्रॅक्टरला बरोबर घेऊन जाते.

शिवाय पाण्याखाली रस्ता आहे, हे तरी कशावरून? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, आणि दोन एस.टी. गाड्या अंधारात सरळ पुरात गेल्या. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर पाणी वाहत असताना एस.टी. घातली गेली, ती वाहून गेली आणि माणसे दगावली. भरलेली एस.टी. तुमच्या-आमच्या जीपपेक्षा किती जड! आमच्याकडे तर गावोगाव कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. उन्हाळ्यात त्यांवरून आपण सर्रास जातो-येतो. पावसाळ्यात किती बंधारे पाण्याखाली गेले याचा आकडा रोज बातम्यांत असतो. अंगाने अरुंद, कित्येकांना धड कठडा नाही, आणि एका बाजूला तुंबलेले तर दुसऱ्या बाजूला कोसळणारे पाणी. बुडालेल्या बंधाऱ्यावर कसलीही गाडी घालू नये, या बाबतीत मी कुणाचे ऐकत नाही.

मग ही सगळी तयारी कशासाठी? तुंबलेल्या पाण्यासाठी आणि उतरत्या ओढ्यासाठी. आमच्या वस्तीच्या वाटेवर एक फरशी आहे. डोंगरातला ओढा चढतो तसा उतरतोही, पावसाने उसंत दिली की तीन-चार तासांत फरशीवर गुडघ्याखाली पाणी येते. फरशीच्या कडेला खांब रोवून आम्ही त्यावर पांढरा आणि लाल पट्टा मारला आहे. पाणी पांढऱ्यावर आले की एकजण काठी टेकत, कमरेला दोर बांधून पलीकडे जाऊन येतो. जिथे माणूस सहज चालत नाही तिथे गाडी नाही. मग मागच्या हुकाला दोर आधीच अडकवायचा, काचा खाली घ्यायच्या, चालवणाऱ्याशिवाय गाडीत कुणी नको. चारी चाकांची ओढ लावून, लो मध्ये पहिला गिअर, माणसाच्या चालीने, मध्ये क्लच न दाबता. पुढे एक लाट तयार होते, तिच्या मागोमाग जायचे. मध्येच गाडी बंद पडली तर सेल्फ मुळीच मारायचा नाही, दोराने ओढून बाहेर काढायची आणि मिस्त्रीला बोलवायचे. रॉड बऱ्याचदा त्या दुसऱ्या सेल्फलाच वाकतो.

लाल पट्टा बुडाला की गाडीची किल्ली आईकडे जाते. घरात कुणी कितीही तळमळले तरी ती पदराची गाठ सोडत नाही. हे बोलायला सोपे आहे, पण घरात कुणी तापाने फणफणलेले असते तेव्हा ते तीन तास फार मोठे वाटतात. म्हणून वहिनींच्या दुसऱ्या खेपेला आठवा सरता सरताच, रोप लावणीच्या आधी, आम्ही त्यांना कोल्हापुरात मावशींकडे नेऊन ठेवले. त्या कुरकुरल्या, घरचे काम कोण बघणार म्हणाल्या. लेक झाली त्या दिवशी मांडुकलीत रस्त्यावर पाणी होते आणि आमची जीप सोप्यापुढे कोरडी उभी होती.

पाण्यातून काढलेल्या गाडीचे ब्रेक ओले असतात. काठावर आल्यावर थोडे अंतर हळू जात पाय ब्रेकवर हलका ठेवावा, म्हणजे ते वाळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी इंजिनची तेलकांडी पुसून बघा आणि दोन्ही डिफरन्शियलचे तळाचे बूच जरा सैल करा. पाणी तळाला बसलेले असते, ते आधी गळते. तेल काळे-पिवळे असेल तर बूच आवळून टाका. ताकासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे, सगळे काढून नवे भरा. ग्रीसच्या प्रत्येक निपलला पंप मारा, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत. काढलेले तेल मात्र ओढ्यात ओतू नका. डब्यात ठेवले तर विळ्या-खुरप्यांना आणि नांगराच्या फाळाला पावसाळाभर पुरते.