कपाटामागची पाहुणी

आमच्या कर्जतच्या घरात मांजर आहे, हे पहिले २ महिने शेजाऱ्यांना खरे वाटत नव्हते. त्यांना दिसे ती केवळ रिकामी झालेली बशी. मांजर असे कपाटामागे.

तिला आम्ही उन्हाळ्यात खालापूरहून आणले. एका स्नेह्यांच्या बंद भातगिरणीत ती वाढली होती. ती जागा विकली गेली, तेव्हा आम्ही उभयतांनी फारसा विचार न करता तिला घेण्यास होकार दिला. खोपोलीहून लोकलने येताना लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशा प्रत्येक स्थानकावर टोपलीतून आर्त स्वर उमटत होता. कर्जत आले आणि ती गप्प झाली. ते तिचे शहाणपण, असे आम्ही समजलो. ती भीती होती, हे पुढे कळले.

कर्जत हे भित्र्या जिवाला सोयीचे गाव नव्हे. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे; त्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना येथे मागून इंजिने जोडतात. ते धक्के, ते भोंगे आमच्या कधीच अंगवळणी पडले होते. परंतु माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर मांजराला सुमारे ६४,००० पर्यंतचा. आमची शांत रात्र तिच्यासाठी शांत नव्हतीच.

पहिल्या पावसात आमच्या हातून चूक घडली. लस टोचून घ्यायची म्हणून आम्ही कपाट सरकवले आणि तिला चादरीत धरले. प्रेमानेच धरले, अशी आमची समजूत. ओरबाडून ती खिडकीतून निसटली. बाहेर पाऊस कोसळत होता. ३ दिवस आम्ही हाका मारीत हिंडलो. पण आम्ही ठेवलेले नाव तिला कोठे ठाऊक होते? चौथ्या पहाटे ती परसातील लाकडांच्या ढिगाखाली चिंब भिजलेली दिसली. आम्ही पुढे झालो नाही. दार उघडे ठेवले, बशी ठेवली आणि आत जाऊन बसलो. दुपारी कपाटामागे खसफस ऐकू आली, तेव्हा आम्हा दोघांचेही डोळे पाणावले.

मग आम्ही वाचू लागलो. २ ते ७ आठवड्यांच्या वयात पिलाला माणसाचा हात लागला, तर त्याची भीड चेपते, असे आयलीन कार्श या अमेरिकन संशोधिकेने १९८० च्या दशकात दाखवले होते. हिचे ते आठवडे ओसाड गिरणीत गेले होते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात मांजराकडे पाहत डोळे सावकाश मिटले, की तेही तसाच प्रतिसाद देते, असे आढळले. आम्ही रोज संध्याकाळी जमिनीवर बसून तसे करू लागलो. टोपली उघडी ठेवून तिचे खाणे तिच्यातच देऊ लागलो. गणपतीनंतर एके दिवशी झाकण अलगद लावले आणि लस टोचून आणली. ओरखडाही उठला नाही.

नाताळात गोठ्यासाठी भाताचा पेंढा आणला. सकाळी पाहतो तो मेंढरांना बाजूला सारून ती त्यात गाढ झोपलेली! गिरणीतील तो ओळखीचा वास तिला सापडला असावा. त्या वर्षी आमची मेंढरे गोठ्याबाहेरच राहिली.

अजूनही ती मांडीवर येत नाही. आम्हीही बोलावीत नाही. रात्री इंजिन जोडल्याचा धक्का बसला, की तिचे कान ताठ होतात आणि ती आमच्याकडे पाहते. आम्ही डोळे सावकाश मिटतो. ती कपाटामागे जात नाही.