जोखीम

आमच्या घरी ‘जोखीम’ या शब्दाला धोक्याचा अर्थ फार उशिरा चिकटला. वडील मोंढ्यात अडत चालवीत. दुसऱ्याचे दागिने, रोकड किंवा मोहोरबंद पुडके परगावी पोहोचवण्याचा प्रसंग आला की आई हलक्या आवाजात म्हणे, ‘‘आज त्यांच्याजवळ जोखीम आहे.’’ त्या दिवशी वडील वाटेत कुठे उतरत नसत, कुणाशी फारसे बोलत नसत, आणि बंडीच्या आतल्या खिशावरून त्यांचा हात ढळत नसे. पुढे मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो. तेथे जोखीम-व्यवस्थापनावर कितीतरी प्रशिक्षणे झाली. पण तो खिशावरचा हात मला कोणत्याही परिपत्रकात आढळला नाही. तो पुन्हा दिसला निवृत्तीला चार वर्षे उरली असताना, चिकलठाण्याच्या शाखेत, पेन्शनरांच्या बाकावर.

नोव्हेंबर हा आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. आपण जिवंत आहोत हे माणसाने स्वतः येऊन, सही करून सिद्ध करायचे. त्या गर्दीत दोन माजी हवाई सैनिक नेहमी जोडीने येत. एक उंच, मितभाषी. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सारी वसाहत त्यांना वॉरंटसाहेबच म्हणे. दुसरे ठेंगणे, बोलके सार्जंट. दोघेही दिल्लीच्या पालम विमानतळावरील एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वॉड्रनमध्ये होते. १ नोव्हेंबर १९४७ रोजी स्थापन झालेली ही तुकडी लढाईची नव्हे. राष्ट्रपती, पंतप्रधान, मंत्री, सेनाधिकारी आणि परदेशी पाहुणे यांची ने-आण करणारी. वॉरंटसाहेब विमानातले फ्लाइट इंजिनिअर, तर सार्जंट प्रवाशांचे खानपान पाहणारे.

आमची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. एका नोव्हेंबरात वॉरंटसाहेबांचा दाखला मी स्वतः तपासला, शिक्का मारला आणि तो भलत्याच फायलीत गेला. त्यांचे पेन्शन थांबले. दोन महिने त्यांनी वाट पाहिली आणि जानेवारीत ते शाखेत आले. सार्जंट माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘‘साहेब, जिवंत माणसाला मेलेला ठरवलंत तुम्ही!’’ वॉरंटसाहेबांनी त्यांना बसवले आणि मला एवढेच विचारले, ‘‘कागद हातावेगळा केल्यावर तुम्ही मागे वळून बघत नाही का?’’ आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते फार लागले. फाईल त्याच दुपारी सापडली, थकबाकीही जमा झाली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो, आणि त्यानंतर जातच राहिलो.

‘‘कुणाकुणाला नेलंत?’’ हा माझा पहिला प्रश्न अर्थातच बालिश होता. त्यांनी तो ऐकला न ऐकल्यासारखा केला. नंतर सार्जंटांनी सांगितले, की विमानात कानावर आलेले विमानातच ठेवायचे अशी तिथली रीत. कुणाला चहात साखर किती लागे हेसुद्धा चाळीस वर्षांनंतर सांगायला ते राजी नव्हते. खातेदाराची शिल्लक चारचौघांत न उच्चारण्याची आमची शिस्त त्यापुढे फिकी वाटावी.

विमानांविषयी मात्र वॉरंटसाहेब भरभरून बोलत, विशेषतः अ‍ॅव्रोविषयी. एच.एस. ७४८ हे तिचे कागदोपत्री नाव. ब्रिटिश परवान्यावर कानपूरला बांधलेले पहिले अ‍ॅव्रो १ नोव्हेंबर १९६१ रोजी आकाशात गेले. रोल्स-रॉइसची दोन डार्ट इंजिने, त्यांची ती कानात घुसणारी शीळ. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, तेव्हा उड्डाणापुरते बळ मिळावे म्हणून इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे. हे सांगताना त्यांची बोटे नकळत हवेतले खटके दाबत. आता हवाई दल अ‍ॅव्रोच्या जागी सी-२९५ आणत आहे. ५६ विमानांचा करार २०२१ मध्ये झाला, त्यांपैकी ४० बडोद्याला बनायची आहेत. ही बातमी मी मोठ्या उत्साहाने नेली, तर ते म्हणाले, ‘‘चांगली असतील. पण तिची शीळ कशी आहे?’’

त्यांच्या आठवणींत मला सर्वांत जवळची वाटली ती वजनाची. माझे बालपण काट्याशेजारी गेले. विमानातही प्रत्येक फेरीला तक्ता असतो: इंधन किती, माणसे किती, सामान किती, आणि कोणते ओझे कुठे ठेवायचे. एका कडक उन्हाळ्यात, आखूड धावपट्टीच्या गावी, पाहुण्यांचे सचिव आयत्या वेळी दोन पेट्या घेऊन आले. वॉरंटसाहेबांनी नकार दिला. सचिवांनी आवाज चढवला, पदाचा उल्लेख केला. कॅप्टनने तक्ता पाहिला आणि म्हटले, ‘‘पेट्या चढतील, मग आपल्यापैकी एक जण इथे राहील. कोण, ते तुम्ही सांगा.’’ पेट्या मोटारीने गेल्या. गोष्ट सांगून झाल्यावर वॉरंटसाहेब मला म्हणाले, ‘‘तुमच्या वडिलांनी पायलीला चिपटं कमी भरलं असतं तर गिऱ्हाईक भांडलं असतं. आमच्याकडे भांडायला कुणी उरत नाही.’’ हे त्यांनी हसत म्हटले. मला हसता आले नाही. २६ एप्रिल १९९३ ची दुपार आमच्या शहरातला माणूस विसरत नाही. चिकलठाण्याहून निघालेले प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावर कापसाच्या गठाणींनी भरलेल्या ट्रकवर आदळले आणि ११८ जणांपैकी ५५ गेले. कापसाची गठाण ही आमच्या मोंढ्यातली रोजची वस्तू. त्यानंतर कितीतरी दिवस गठाणींचा ट्रक समोर आला की मी नजर वळवीत असे.

चिकलठाण्याला ते नोकरीत असतानाही येऊन गेले होते. पाहुणे वेरूळला जात आणि ते विमानापाशी थांबत. इंजिनांवर आच्छादन घालायचे, चाकांना अडणी लावायची, पंखाच्या सावलीत डबा खायचा आणि सावली सरकेल तसे आपणही सरकायचे. पाहुणे परत यायची वेळ ठरलेली असली तरी त्याआधी तासभर सारे तयार. ‘‘लोकांना वाटतं आमची नोकरी उडण्याची,’’ ते म्हणत, ‘‘खरं तर ती थांबण्याची.’’ इतक्या जणांना वेरूळच्या वाटेपर्यंत आणून सोडणाऱ्या या मराठवाड्याच्या माणसाने वेरूळ पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर मी त्यांना घेऊन गेलो. कैलास त्यांनी डोळे भरून पाहिला. पुढे आपल्या जैन लेण्यांत, बत्तिसाव्या इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर ते बराच वेळ खांबांवरून हात फिरवीत राहिले. ‘‘वरून सुरुवात करून खाली आलेत ना हे लोक? म्हणजे एक घाव चुकला तरी दुरुस्ती नाही,’’ असे काहीसे ते पुटपुटले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षे गेली. गर्दी असो वा नसो, वॉरंटसाहेब दाखला द्यायला नेमके ४ नोव्हेंबरलाच येत. कारण विचारले तेव्हा सार्जंट प्रथमच गप्प बसले.

४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन त्यांच्या स्क्वॉड्रनचे ‘पुष्पक’, म्हणजे टीयू-१२४ जातीचे विमान, दिल्लीहून आसामात जोरहाटला निघाले होते. तेथे उतरताना ते धावपट्टीपासून दूर, टेकेलागाव या खेड्याजवळच्या शेतात कोसळले. अंधारात गावकरी धावत आले. पंतप्रधान वाचले, त्यांच्यासोबतची मंडळीही वाचली. कॅप्टन विंग कमांडर क्लॅरेन्स डी’लिमा आणि त्यांचे चार सहकारी, असे हवाई दलाचे पाच अधिकारी मात्र मृत्यू पावले. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. वडिलांनी वर्तमानपत्र वाचून ‘‘पंतप्रधान वाचले, देवाची कृपा,’’ म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. कोण गेले, हे आमच्या घरात कुणी विचारले नाही. मीही नाही.

मागचे प्रवासी वाचावेत म्हणून वैमानिकांनी विमानाचे नाक स्वतःवर घेतले, असे त्यानंतर पुष्कळदा लिहिले गेले. मी ते वॉरंटसाहेबांपुढे काहीशा भारावलेल्या शब्दांत बोललो. ते मला आवडेल असे काही बोलले नाहीत. ‘‘साहेब, आत बसलेला माणूस तेव्हा बलिदानाचा विचार करत नाही. विमान उतरवायचा विचार करतो, शेवटपर्यंत. त्यांना हुतात्मा करताना ते कारागीर होते हे विसरू नका.’’ त्या रात्री ते पालमला होते. बातमी आली तेव्हा कुणी काही बोलले नाही. सकाळी त्यांनी नेमून दिलेल्या अ‍ॅव्रोची तपासणी केली, तक्ता भरला, आणि सही करून झाल्यावर सगळा तक्ता पहिल्यापासून पुन्हा वाचला. ‘मागे वळून बघत नाही का’ हा त्यांचा जानेवारीतला प्रश्न कुठून आला होता, ते मला तेव्हा कळले.

७ सप्टेंबर २०१९ ला शेंद्र्याच्या ऑरिकच्या उद्घाटनासाठी पंतप्रधान आले, तेव्हा आम्ही त्यांच्या गच्चीत होतो. शेजारचे सारे मोबाईल उंचावून ‘आले, आले’ म्हणत होते. वॉरंटसाहेबांनी विमान नजरेआड होईपर्यंत पाहिले, घड्याळात बघितले आणि म्हणाले, ‘‘आता ती पोरं थांबतील.’’

सार्जंट आता नाहीत. वॉरंटसाहेबांना जिना उतरवत नाही, म्हणून गेल्या ४ नोव्हेंबरला मीच त्यांच्याकडे गेलो. हयातीचा दाखला आता मोबाईलवरही देता येतो. आधी अंगठ्याचे यंत्र लावले, पण आयुष्यभर तेल आणि लोखंड हाताळून त्या अंगठ्यावरच्या रेघा पुसट झाल्या आहेत. तीनदा लावूनही यंत्राने ओळख दिली नाही. मग चेहऱ्याचा पर्याय निवडला. मोबाईलने सूचना केली: डोळे मिचकावा. ते ताठ बसले आणि पडद्याकडे एकटक पाहत राहिले. मी दोनदा सांगितले, सूनबाईंनी सांगितले, तरी पापणी लवेना.

‘‘वॉरंटसाहेब, डोळे मिटल्याशिवाय तुम्ही हयात आहात हे याला पटत नाही.’’

‘‘काट्यावर नजर असताना पापणी लववायची नाही, असं शिकलोय,’’ ते म्हणाले, आणि हसू आल्यामुळे त्यांचे डोळे मिटले. दाखला झाला. मी मोबाईल खिशात घालू लागलो, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. तो मी पुन्हा उघडून त्यांना दिला, आणि त्यांनी चष्मा लावून नाव, क्रमांक, तारीख पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.