लौजीच्या काकांचं देणं

मी कर्जतचा. आमच्याकडे उल्हास आणि पेज या नद्या. बांबूची काठी, तंगूस, गळ आणि गांडूळ एवढ्यावर इथल्या पोरांचं भागतं. खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं सामान कसं पारखायचं, हे मात्र मला समुद्रापासून लांब, खोपोलीजवळच्या लौजीत राहणाऱ्या एका निवृत्त फिटरकाकांनी शिकवलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासा त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता.

रीलचं हँडल अडकलं म्हणून कुणीतरी मला त्यांच्याकडे धाडलं. कर्जत-खोपोली लोकलने गेलो. काकांनी दारातच विचारलं, "खाडीत नेतोस ना हे?" मग पांढरं फडकं अंथरलं आणि रील खोलायला घेतलं. निघेल तो वॉशर, निघेल तो स्क्रू डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेले. स्क्रूच्या भोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. ती नखाने खरवडून म्हणाले, "दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेत आणि मधे खारं पाणी आलंय. त्यातला एक खाल्ला जाणारच. नुसतं तेल सोडून भागत नाही."

त्यांनी खिशातून चुंबक काढून एकेका स्क्रूला लावलं. जो गच्च चिकटला तो बाजूला काढला, त्याला गंज लवकर धरतो. तेव्हापासून दुकानात रील हातात घेतलं की मी आधी स्क्रू बघतो, त्यावरची चकाकी नंतर. रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा ओढायची युक्तीही त्यांचीच. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर तिथे कापसाचा तंतू अडकतो. मासा जोरात पळाला की त्याच चिरेवर दोरी कापली जाते.

काकांना सगळ्यात गोडी ड्रॅगची. मासा ओढायला लागला की रील किती ताणाला दोरी सोडणार, ते या ड्रॅगवर ठरतं. बहुतेक जण बोटांनी ओढून अंदाज घेतात. काकांनी दाराच्या कडीला ताणकाटा अडकवला, त्याला दोरी बांधली आणि रॉड वाकवून मला मागे सरायला लावलं. दोरी वीस पौंडांची, म्हणजे साधारण नऊ किलोंची. काटा सव्वादोन किलोंवर आला तेव्हा ड्रॅग सरकायला हवा होता; आमचा साडेचारांवर सरकला. "पाव ते तिसरा हिस्सा, त्याच्या वर जायचं नाही," काका म्हणाले. "रॉड वाकला, गाठ आवळली, की दोरीची ताकद आधीच कमी झालेली असते." लोड आणि ताण यांच्यात हयात गेलेला माणूस होता तो. त्याला जिताड्याची ओढ समजायला जिताडा बघावा लागला नाही.

जिताड्याचं बाकी शिक्षण खारेपाटात झालं. धरमतर खाडीच्या बांधांवर उघाड्या असतात. ओहोटीला शेतातलं पाणी तिथून खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी येते, आणि जिताडा तोंडाशी टपून राहतो. कल्ल्यावरची त्याची पाती वस्तऱ्यासारखी धारदार. म्हणून बारीक विणीच्या दोरीपुढे चाळीस-पन्नास पौंडी जाड तंगूस जोडावी लागते. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला पाणी धावतं, तेव्हा शिसं जड लावायचं. अष्टमीच्या भांगाला हलकं चालतं. लांब रॉडचा हव्यास मला पटत नाही. उघाडीपाशी सात फूट पुष्कळ झाले; नऊ-दहा फुटी रॉड अलिबाग-रेवदंड्याच्या खडकांवर ठेवावा.

घरी आल्यावर रील कसं धुवायचं, तेही काकांनीच सांगितलं. ड्रॅग आवळायचा, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करायचा, नळाची जोरदार धार मारायची नाही, नाहीतर मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवायचं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. एकदा पाणी ओतताना म्हणाले, "हे पाताळगंगेचंच पाणी. घाटावरनं खोपोलीच्या पॉवर हाउसात उतरतं, वीज करतं आणि तसंच खाली धरमतरला जातं." टाटांचं ते वीजकेंद्र 1915चं. त्याच्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहती राहते, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. काकांनी ते माझ्या रीलशी जोडून दिलं.

पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मासा तर देताच येत नव्हता. वारीला निघताना गूळ-शेंगदाण्याची पुडी घेत, ती मी नेऊन देई. माझ्याकडून त्यांच्या घरात गेलं ते एवढंच, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

काका गेले. त्यांची हत्यारपेटी त्यांच्या मुलीने मला देऊ केली होती. ती नातवाकडेच राहू दे म्हटलं. तो आयटीआयला फिटरच शिकतोय. गेल्या दिवाळीत तो माझ्याकडे आला आणि जुनं रील खोलून बसला. वॉशर फडक्यावर डावीकडून मांडत होता. मासे खातोस का, विचारलं तर म्हणाला, "घरात नाही, बाहेर खातो." येत्या पुनवेच्या उधाणाला त्याला खारेपाटात नेणार आहे. रॉड त्याने स्वतः निवडलाय, सात फुटी, आणि दुकानातच कड्यांतून कापूस ओढून बघितलाय.