दांडा बदलताना

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वकीयांचा घात करणाऱ्यासाठी ती वापरली जाते. मला मात्र या म्हणीत दांड्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते. घाव कोठे घालायचा, हे दांडा ठरवीत नाही, हात ठरवितो.

इतिहासानेही दांड्याची फारशी दखल घेतलेली नाही. 1870 साली शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याच्या 424 वस्तूंचा साठा सापडला. त्यांत चपट्या कुऱ्हाडी होत्या. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील महापाषाणीय दफनांतून लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. दांडा आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्याही त्यांतील काहींवर आहेत. पट्ट्या उरल्या, दांडे मातीत मिसळले. आणि दांडा धरणारा हात तर कोणत्याच संग्रहालयात नसतो.

माझे वडील धानाच्या बांध्यांत मजुरी करीत. बलुतेदारीच्या रीतीप्रमाणे अवजारांची दुरुस्ती सुतार-लोहारांकडे असे आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने दिला जाई. साहजिकच ज्याचे शेत मोठे, त्याचे काम आधी. आमच्या वस्तीतील मोडक्या दांड्याची पाळी शेवटी येई. आणि दांडा नाही म्हणजे उद्याची मजुरी नाही. म्हणून वडील दांडा घरीच बसवू लागले.

त्यांची पद्धत मला आजही तोंडपाठ आहे. छिद्रात अडकलेले जुने लाकूड छिन्नीने काढायचे. जाळून काढायचे नाही, कारण आचेने पात्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. नवा दांडा चिवट धावड्याचा आणि पुरता वाळलेला हवा. ओला बसवला तर तो आक्रसतो आणि कुऱ्हाड हलू लागते. लाकडाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली असावी. ती मध्येच तिरपी बाहेर पडली, तर दांडा तेथेच मोडतो. टोक तासून, त्याला करवतीने चीर देऊन ते छिद्रात घालायचे. मग कुऱ्हाड उलटी, पाते खाली लोंबते धरून दांड्याच्या बुडावर ठोके द्यायचे. जड पाते जागीच राहते आणि दांडा आत सरकतो. शेवटी चिरेत कोरड्या लाकडाची पाचर.

बाबासाहेबांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. वडिलांनी हे पुस्तक वाचले नव्हते. परंतु ज्या दिवशी त्यांनी छिन्नी हाती घेतली, त्या दिवशी त्या विभागणीची एक भिंत आमच्या अंगणापुरती पडली.

आज आपल्या शाळेतील मुले-मुली श्रमदानाच्या अवजारांचे दांडे स्वतः बसवितात. एका पालकांनी मला विचारले होते, “गुरुजी, आम्ही लेकराला लेखणीसाठी पाठवले, कुऱ्हाडीसाठी नाही.” त्यांचा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या अवजारांना जुंपल्या गेल्या, त्यांना अवजाराचे कौतुक कोणी सांगू नये. मी त्यांना इतकेच म्हणालो, की लादलेले काम माणसाला लहान करते. समजून घेतलेले काम करीत नाही. शिवाय वर्गात लेखणीला पहिला मान आहेच. दांडा रविवारी बसतो.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण आज अधिकारी, प्राध्यापक, अभियंते आहात. तुमच्या घरी कदाचित कुऱ्हाड नसेलही. परंतु आपण कोणाच्या हातातला दांडा आहोत, आणि आपला घाव कोणावर पडतो आहे, हे तपासण्याची शक्ती लाकडाला नसते, माणसाला असते. ती वापरली, तर ती जुनी म्हण निदान आपल्याविषयी तरी खोटी ठरेल.