देवळी ते मेक्सिको, व्हाया चिरीमिरी

मेक्सिको म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठी हॅट, टकिला, टाको आणि सल्सा डान्स? (सल्सा डान्स मुळात मेक्सिकोचा नाहीच, हे मलाही फार उशिरा कळलं.) माझ्या मावशीच्या डोळ्यांसमोर मात्र एकच गोष्ट येते. तिथे तिचा मुलगा राहतो आणि तो फोनवर नेहमी "सगळं मस्त आहे" एवढंच सांगतो.

मावशी राहते देवळीला. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलात की पंधरा-वीस किलोमीटरवर. कापसाचा तालुका, एमआयडीसीतले लोखंडाचे कारखाने, मिरणनाथ महाराजांचं देऊळ आणि कुस्तीचं वेड. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आणि देवळीच्या स्टेशनात गाडी थांबायला लागली. माझं आजोळ हेच. दादा इथल्याच शाळेत शिकला, नागपूरला इंजिनीअर झाला, पुण्यात आयटीत लागला आणि एक दिवस कंपनीने त्याला उचलून थेट मॉन्टेरेला टाकलं. उत्तर मेक्सिकोतलं उद्योगांचं शहर. अमेरिकेची सरहद्द तिथून गाडीने अडीच-तीन तासांवर.

आता वहिनीला सहावा महिना लागलाय. म्हणून मावशीचा फोन आला, "मले तिकडं जायचं हाये. तू येऊन जा अन् सगळं समजावून सांग. तो पोट्टा काही सांगत नाही." मी बॅग भरली आणि निघाले.

"सगळं मस्त आहे" म्हणजे काय?

रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दादाची सकाळ. मावशी वही-पेन घेऊनच बसली होती. मी म्हटलं, दादा, आज मस्त-बिस्त चालणार नाही. डिटेलमध्ये बोल.

मग तो बोलला. पहिले काही महिने कागदांमागे धावण्यात गेले. नोकरीचा व्हिसा पासपोर्टवर असला तरी देशात शिरल्यावर तीस दिवसांत इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन त्याच्या बदल्यात तात्पुरत्या रहिवाशाचं कार्ड करून घ्यावं लागतं. मग 'कुर्प' नावाचा अठरा अक्षर-आकड्यांचा नंबर, आपल्या आधारसारखा. तो नसेल तर बरीच कामं पुढे सरकत नाहीत. खिडकीवरची बाई म्हणते, 'आओरिता'. शब्दकोशात याचा अर्थ 'आत्ताच'. प्रत्यक्षात पाच मिनिटं, दोन तास किंवा कधीच नाही.

मावशी म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. 'येऊन राह्यलो' म्हणते अन् येतच नाही."

प्यायचं पाणी वीस लिटरच्या जारमधून. त्याला म्हणतात 'गर्राफोन'. नळाचं पाणी बरेच जण पीत नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यात तर मॉन्टेरेला धरणं आटली आणि नळाला दिवसातले मोजके तासच पाणी यायचं. दादा तेव्हा तिथे नवा होता. ऑफिसातले लोक हवालदिल झालेले आणि हा गडी शांतपणे बादल्या, पिंप, टब भरून ठेवतोय. वैदर्भीय माणसाला त्यात काय नवल! उन्हाचंही तेच. चाळिशीच्या वर पारा गेला की मॉन्टेरेत त्याला घरी आल्यासारखं वाटतं.

आणि कोपऱ्याकोपऱ्यावर 'ओक्सो'ची दुकानं. मॉन्टेरेतच जन्मलेली ही चेन. दूध, ब्रेड, मोबाइल रिचार्ज, लाइट बिल, सगळं तिथेच. एकट्याने राहणाऱ्या पोराचं अर्धं आयुष्य ओक्सोत जातं म्हणा ना.

चावा

इथवर ठीक होतं. मग मी मुद्दामच विचारलं, "पोलीस-बिलीस त्रास देतात का रे?"

दादा जरा घुटमळला. मेक्सिकोत लाचेला बोलीत म्हणतात 'मोर्दिदा'. शब्दशः अर्थ, चावा. आपली 'चिरीमिरी' कशी पावसासारखी हळूच येते. त्यांची थेट दात लावते.

झालं असं की टेक्सासमधल्या मित्राची गाडी घेऊन दोघं सरहद्द ओलांडून येत होते. सरहद्दीलगतच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात अमेरिकन नंबरची गाडी तशीच चालते. त्यापुढे न्यायची तर तात्पुरत्या आयातीचं परमिट लागतं. परमिट होतं, पण त्याची प्रिंट सामानात कुठेतरी तळाशी. गणवेशातल्या एका माणसाने बाजूला घेतलं. गाडी जप्त होईल म्हणाला. ऊन रणरणतं, स्पॅनिश तोडकंमोडकं. दादाने पाचशे पेसो पुढे केले. तो माणूस हसून म्हणाला, "बिएन्वेनिदो." म्हणजे, स्वागत आहे.

फोनवर एकदम शांतता. मावशीने पेन खाली ठेवलं.

"कागद होता न तुह्याजवळ? मग पैसे कायले देले?"

दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. कारण खरं सांगायचं तर पुण्यात सिग्नलला पकडल्यावर आपण काय करतो? ऑफिसला उशीर होतोय, या एका वाक्यावर आपली सगळी तत्त्वं पाकिटातून बाहेर येतात.

आणि आम्ही देवळीकरांनी तर याबद्दल बोलूच नये. गांधीजींचं सेवाग्राम वर्ध्याजवळ, म्हणून हा अख्खा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. देवळीहून कळंबकडे निघालात की वाटेत वर्धा नदी लागते. नदीच्या अलीकडे बंदी, पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात परवाना असलेली दुकानं. एका पुलाच्या दोन टोकांना दोन कायदे! बंदी आहे म्हणजे दारू मिळत नाही असं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सरहद्द आली की तिच्यावर पोट भरणारे आपोआप तयार होतात, मग ती रिओ ग्रांदे असो की वर्धा.

दादाने मात्र त्यातून धडा घेतला. पुढच्या वेळी मॉन्टेरेतच एकाने वेगाच्या नावाखाली थांबवलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "मला रीतसर पावती द्या, मी ऑफिसात जाऊन दंड भरतो." बऱ्याच शहरांत दंड लवकर भरला तर सूटही मिळते. पावती म्हटल्यावर समोरच्याचा इंटरेस्ट संपला. 'आओरिता' न म्हणता त्याने लगेच सोडून दिलं.

"हे बरं केलं," मावशी म्हणाली आणि पेन पुन्हा उचललं.

मावशीची यादी

मग आला तिचा खरा विषय. खायचं काय?

इथे मात्र दादा खुलला. मेक्सिकोत तव्याला 'कोमाल' म्हणतात आणि पाट्याला 'मेताते'. मक्याचा तोर्तिया किलोवर मिळतो, गरमागरम, कागदात गुंडाळून. आणि मक्याचं पीठ कसं करतात? मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवायचा, धुवायचा, मग वाटायचा. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं.

"चुना? भाकरीत?" मावशी हबकली. आमच्याकडे चुन्याची जागा तंबाखूच्या डबीत!

उत्तर मेक्सिकोत गव्हाचा तोर्तियाही मिळतो, अगदी पोळीसारखा. पण शाकाहारी मंडळींनो, जपून. त्यात आणि शिजवलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. 'मान्तेका' हा शब्द पाठ करून ठेवा. जिरं, कोथिंबीर, लिंबू, हरभरे, मसूर सहज मिळतात. 'पिलोन्सियो' म्हणजे चक्क गूळ. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता मात्र नेहमीच्या दुकानात नाही. ते ऑनलाइन नाहीतर भारतातून येणाऱ्याच्या बॅगेतून.

आठवडी बाजारही आहे. त्याला म्हणतात 'तिआंगिस'. रस्ता अडवून ताडपत्र्या लावायच्या आणि दिवसभर आरडाओरडा. मिरच्यांचे ढीग, पेरू, सीताफळ, टोमॅटो. गंमत म्हणजे ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज जहाजांनी ती आपल्याकडे आणली आणि आपण ती इतकी आपली केली की मिरचीशिवाय वऱ्हाडी जेवणाची कल्पनाच करवत नाही. उलट्या दिशेने चिंच गेली, आंबा गेला.

मावशीला तिच्या परसातलं लाल अंबाडीचं बी न्यायचं होतं. दादा ओरडलाच, "आई, बी-बियाणं अजिबात नको. विमानतळावर काढून घेतात!" ती हिरमुसली. मग त्याने फ्रीजमधून एक जग काढून कॅमेऱ्यासमोर धरला. लालभडक शरबत. "हे 'आग्वा दे हामाइका'. इथे घरोघरी पितात. अंबाडीच्या बोंडांचं आहे."

मावशी स्क्रीनजवळ सरकली आणि बराच वेळ तो जग बघत राहिली. "अंबाडी हाये तर मग जमून जाईन," एवढंच म्हणाली.

वर्ध्याचा एक माणूस

दुसऱ्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली. देवळी-वर्ध्याहून मेक्सिको गाठणारा दादा काही पहिला नाही. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे शंभर वर्षांपूर्वीच तिथे पोचले होते. ऐन तारुण्यात देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर पार्टीच्या उभारणीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ब्रिटिशांशी लढले आणि मग बर्लिन, मॉस्को करत १९२४ मध्ये मेक्सिकोत आले. परत जावं तर ब्रिटिश पकडणार, अशी अवस्था.

ते चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. टिना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले. दिएगो रिवेराच्या मेक्सिको सिटीतल्या एका भित्तिचित्रात सगळ्यांना भाकरी मोडून देणारा माणूस आहे. तो म्हणजे खानखोजेच, असं मानतात. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव शाळेत ऐकलंय? मी तर मासकॉम करूनही ऐकलं नव्हतं.

आणि खरी टोचणारी गोष्ट पुढेच आहे. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भारतात यायचं ठरवलं, तर सुरुवातीला व्हिसाच नाकारला गेला. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव स्वतंत्र भारताच्या दफ्तरात तसंच राहिलं होतं! अखेर ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच गेले.

मावशीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्याईले पोरंबाळं होती?"

दोन मुली. मेक्सिकोतच वाढलेल्या, आई बेल्जियन. त्यातल्याच एकीने, सावित्री साहनी यांनी, पुढे भारतात राहून वडिलांचं चरित्र लिहिलं.

नातू कुठला?

हा प्रश्न तिने का विचारला, ते मला रात्री कळलं. मेक्सिकोत जन्मलेलं मूल जन्मतःच मेक्सिकोचं नागरिक होतं. त्या मुलाच्या जोरावर आई-बापांना कायमच्या रहिवासाचं कार्डही मिळू शकतं. भारताला मात्र दुहेरी नागरिकत्व चालत नाही. बाळाला भारतीय ठेवायचं तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यायचं. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचा देश पहिल्या वाढदिवसाआधी ठरवायचा.

दादा-वहिनीचं अजून ठरलेलं नाही. मावशीला ते फोनवरच्या 'मस्त'मधून केव्हाच कळलं होतं. "तो वापस येणार नाही, असं मले वाटते," ती भांडी पुसता पुसता म्हणाली. रडली नाही. मग म्हणाली, "पण पोरगं तं पाहून येतो. मंग कोन्या बी देशाचं असू दे."

तिकडे भारतीय माणसाला 'इंदू' म्हणतात, धर्म कुठलाही असो. 'इंदिओ' म्हटलं तर तो तिथल्या आदिवासींना हिणवणारा शब्द होतो. आणि आजीला म्हणतात 'अबुएला'. मावशीने हा शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

जाणार असाल तर

• अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर मेक्सिकोच्या दूतावासापासून सुरुवात.
• अमेरिकेतून विमान बदलायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच. इतर विमानतळांचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा.
• पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस. पासपोर्टवर किती दिवस दिलेत, ते काउंटरवरच वाचा.
• कागदांची प्रिंट हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. कुणी 'चावा' मागितला तर शांतपणे पावती मागा.
• बी-बियाणं, ताजी फळं, घरचं लोणी वगैरे घरीच ठेवा. मसाले सीलबंद पाकिटातले न्या.

निघायच्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. मावशी वांग्यांच्या ढिगापुढे उभी राहिली, पदर खोचला आणि ठसक्यात विचारलं, "क्वांतो?"

भाजीवाला दोन सेकंद बघत राहिला. मग म्हणाला, "वीस रुपये पाव, काकू."

"पंधरा लाव," मावशी म्हणाली.

मी ठरवून टाकलं. हिची काळजी करायचं कारण नाही.