तुमचं येणं

माझं माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, सासर कन्नड. सुट्टीत लेकीला घेऊन टोपी बाजारात गेले. ओळखीचे दुकानदार म्हणाले, "आपका आना अच्छा लगा." लेक लगेच म्हणाली, "इंग्रजीत 'यू कमिंग' की 'युअर कमिंग'?" यावरच तिचा परीक्षेत गुण गेला होता! सासूबाई 'नीवु बंदद्दु' म्हणतात. तिथे 'तुम्ही'च, 'तुमचं' नाही. मराठीत मात्र 'तुमचं येणं'. म्हटलं, येणं आवडलं तर लिहिताना 'युअर'. बोलताना 'यू'ही चालतं. पण माणूस येताना दिसला, तर 'आय सॉ हिम कमिंग'. तिथे 'हिज' नको.

निघायच्या दिवशी आई "तुमचं जाणं..." म्हणून थांबली. लेकीने तेव्हा व्याकरण काढलं नाही.